जुनं विमानाचं किट हाती लागलंय, कामाचं आहे का भंगार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या तरी माळ्यावर विमानाच्या किटचा (प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटं विमान बनवायचा संच) जुना डबा सापडतो, काकानं कधीकाळी दुबईहून आणलेला, आणि मला फोटो येतो, खाली एकच ओळ, "भाऊ हे चांगलं आहे का?" फोटो कशाचा तर डब्याचा. आतल्या प्लास्टिकचा नाही, डब्याचा. आता डब्यावरून मी काय सांगू. तर लातुरात बसून गेली कैक वर्षं जी उत्तरं एकेकाला फोनवर द्यायलोय ती एकदाची लिहून काढली. सोपं आधी आहे, किचकट नंतर. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तिकडं जाऊन बघा.

१. जुनं किट म्हणजे किती जुनं? माझं २००५ ला घेतलेलं आहे, ते जुन्यात धरायचं का?

तुम्ही कधी घेतलं त्याला अर्थ नाही, साचा कधीचा आहे ते बघायचं. स्टीलचा साचा एकदा बनवला की पन्नास पन्नास वर्षं त्यातून माल निघत राहतो, त्यामुळं २००५ ला दुकानातून घेतलेलं किट १९६५ चं असू शकतं आणि बऱ्याचदा असतंच.

ढोबळ हिशोब सांगतो. प्लास्टिकची विमान किट फ्रॉग या ब्रिटिश कंपनीनं १९३६ ला सुरू केली, पेंग्विन नावानं, पण ती सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती आणि ते प्लास्टिक काळानुसार वाकतं. आपल्या हातात येतं ते पॉलिस्टायरीन, म्हणजे एअरफिक्सचं पहिलं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) आलं पन्नासच्या दशकात, तिथून पुढचा जमाना. पन्नास साठच्या दशकातली किट म्हणजे अर्धी खेळणीच, चाकं आतबाहेर होणार, पंखाचे फ्लॅप हलणार, आणि गोल निशाण कुठं चिकटवायचं त्याची उठावदार रेघ पंखावर साच्यातच पाडलेली, ती घासून काढताना जीव जातो. सत्तरच्या दशकात सुधारणा झाली, अमेरिकेतल्या मोनोग्रामची १/४८ ची (म्हणजे खऱ्या विमानाच्या ४८ पट लहान, यालाच स्केल म्हणतात) किट त्याच काळातली, मॅचबॉक्स १९७३ ला आलं. ऐंशीनंतर हसेगावा, फुजिमी, तामिया या जपानी मंडळींनी बारीक कोरलेल्या रेषा आणल्या आणि सगळ्यांची मोजपट्टीच बदलली. त्याच्या आधीचा साचा तो जुना, असं मी धरतो.

२. कंपनी नामांकित असली की किट चांगलंच असणार ना?

नाही हो. हाच गैरसमज सगळ्यात महाग पडतो.

एअरफिक्सचंच घ्या. १/७२ चं स्पिटफायर, नाव तेच, कंपनी तीच. पन्नासच्या दशकातलं आहे, १९६० चं आहे, १९७९ चं आहे आणि २०१० च्या आसपासचं अगदी नवं आहे, आणि चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिलं तर अमेरिकेतल्या ऑरोराच्या किटवर बेतलेलं होतं, त्याच्यावरचं बीटी-के हे अक्षरचिन्हच चुकीचं, म्हणून जुने लोक त्याला बीटीके म्हणूनच ओळखतात. जमवायला मजेशीर, पण बनवायला घेतलं तर ते स्पिटफायरपेक्षा स्पिटफायरच्या चुलतभावासारखं दिसतं.

उलटंही होतं. तामियाच्या १/७२ च्या वॉरबर्ड मालिकेत काही डब्यांत तामियाचं स्वतःचं प्लास्टिक आहे आणि काहींत इटालीच्या इटालेरीचं, डबा मात्र सगळा तामियाचा. इटालेरी वाईट नाही, पण तुम्ही पैसे तामियाच्या फिटिंगचे मोजलेत की नाही? कंपनी म्हणजे आडनाव. आडनावावरून स्थळ ठरवायचे दिवस गेले.

३. डब्यावर १९९८ छापलंय, मग किट १९९८ चंच ना?

ते साल डब्याचं. छपाईचं. विशेषतः रेव्हेलच्या डब्यावरचं साल बघून लोक लय फसतात.

साचे कसे फिरलेत ते माहीत असलं की उलगडा होतो. फ्रॉग सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडलं, त्यांचे बहुतेक साचे सोव्हिएत युनियनमध्ये गेले आणि तिथून नोवो नावानं पाकिटं निघाली, पण जर्मन जपानी विमानांचे साचे काही तिकडं गेले नाहीत, ते रेव्हेलकडं गेले. मॅचबॉक्स चालवणारी लेस्नी १९८२ ला बुडाली आणि त्यांचेही साचे फिरत फिरत रेव्हेलकडं. मोनोग्राम आणि रेव्हेल १९८६ ला एकत्र झाले. एअरफिक्स १९८१ ला बुडालं, मग पॅलिटॉय, मग १९८६ ला हम्ब्रॉल, मग २००६ ला हॉर्नबी. हम्ब्रॉलच्या काळात फ्रान्सचं हेलर पण त्याच मालकाकडं, म्हणून काही एअरफिक्सच्या डब्यांत हेलरचं प्लास्टिक निघतं. म्हणजे एका रेव्हेलच्या डब्यात रेव्हेल, मोनोग्राम, मॅचबॉक्स, फ्रॉग, काहीही निघू शकतं.

खरं साल शोधायचं असलं तर पंखाच्या खालच्या बाजूला, धडाच्या आतून किंवा फ्रेमच्या (सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या) पट्टीवर कोरलेली अक्षरं बघा, बरेचदा मूळ कंपनीचं नाव आणि साल तिथं असतं. नाव खोडलेलं असलं तर खोडल्याचा चौकोनी डाग दिसतो, तोही पुरावाच. स्केलमेट्स या वेबसाइटवर किटचा डबा क्रमांक टाकला तर त्या साच्याची सगळी वंशावळ दिसते, घ्यायच्या आधी दोन मिनिटं तिथं घालवा, दोन हजार वाचतात.

४. डबा उघडला की पहिल्यांदा काय बघू?

चित्र बाजूला ठेवा. एअरफिक्सचे साठ-सत्तरचे डबे रॉय क्रॉस नावाच्या चित्रकारानं रंगवलेत, इतके भारी की आत लाकडाचा ठोकळा निघाला तरी माणूस घेईल.

मग धडाचे दोन अर्धे भाग, पंखाचे वरचे खालचे भाग, शेपटीचे पंख. एवढंच. बाकी सीट, चाकं, क्षेपणास्त्रं याकडं सुरुवातीला बघूच नका. माझं सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे, आकार बरोबर आहे का. रेषा सुधारता येतात, खड्डे भरता येतात, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची निशाणं) नवीन आणता येतात, कॉकपिट हातानं बनवता येतं, पण धड जाड असलं, नाक बसकं असलं, पंखाचा कोन चुकला असला तर तुम्ही महिनाभर घासलं तरी ते दुसरंच विमान दिसणार. आकार चांगला आणि बाकी सगळं रद्दी असलेलं किट मी घेतो. उलटं असलं तर फुकट दिलं तरी ठेवून घेत नाही. बरं, खोटं कशाला बोलू, ठेवून घेतो, पण बनवत नाही.

त्यानंतर धडाचे दोन भाग न चिकटवता एकमेकांवर धरा, वर रबर बँड लावा आणि खिडकीकडं धरून फटीतून उजेड येतो का बघा. नंतर पंख लावून बघा, पंख आणि धड जुळतं तिथं पायरी पडायलीय का. पाच मिनिटांचं काम.

५. माप बरोबर आहे हे कसं काढायचं? मला गणित जमत नाही.

भागाकार जमतो ना, मग झालं. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्केलच्या आकड्यानं भागा.

स्पिटफायर मार्क १ चे पंख ११.२३ मीटर, म्हणजे ११२३० भागिले ७२, आले १५६ मिमी. दोन्ही पंख धडाला टेकवून, मधली धडाची जागा धरून, स्टीलच्या पट्टीनं मोजा. १५५ आलं, १५७ आलं, काही बिघडत नाही, कोण मोजायला येणार. १५० आलं तर मात्र डोळ्याला कळतं. मिग-२१ चे पंख ७.१५ मीटर, १/७२ ला ९९ मिमी आणि १/४८ ला १४९.

लांबी शक्यतो मोजू नका, विशेषतः मिगसारख्याची. पुढं जी लांब नळी असते, पिटॉट, ती कुणी लांबीत धरतं कुणी धरत नाही, त्यामुळं दोन पुस्तकांत दोन आकडे असतात आणि तुम्ही उगं किटला शिव्या देता. लांबीच बघायची असेल तर चाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत असं ठरावीक अंतर खऱ्या आराखड्यावरून घ्या.

आणि हो, पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन किटना स्केलच नसायचं, डबा ठरलेला असायचा आणि डब्यात बसेल तेवढं विमान. त्याला बॉक्स स्केल म्हणतात. त्याच्यावर नंतर कुणीतरी १/७२ छापलं असलं तरी आधी मोजा.

६. मापं सगळी बरोबर आली तरी लोक म्हणतात आकार चुकलाय. हे कसं काय?

कारण माणसाचं वजन-उंची बरोबर असून चेहरा वेगळा असू शकतो. कॅनोपीचा (कॉकपिटवरच्या काचेचा) फुगवटा, नाकाचा उतार, हवा आत घ्यायच्या तोंडाची गोलाई, शेपटीचं टोक, एवढ्या चार जागांवर विमान ओळखू येतं. खऱ्या विमानाचा बरोबर बाजूनं काढलेला, लांबून झूम करून घेतलेला फोटो घ्या (जवळून मोबाईलनं काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, माणसाचं पण आणि विमानाचं पण), तो किटच्या मापात प्रिंट करा आणि धडाचा अर्धा भाग त्याच्यावर ठेवा. झेरॉक्सवाला दोन-तीन वेळा कमी-जास्त करून देतो, वैतागतो, पण देतो.

७. रेषा कोरलेल्या नाहीत, वर आलेल्या आहेत. म्हणजे किट वाईट?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. उत्तर, नाही.

खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली फट एक-दोन मिलिमीटरची असते. किटवर रेषा ०.३ मिमी कोरली तर १/७२ मध्ये ती झाली जवळपास २२ मिमी, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या फळ्यांमध्ये असते तेवढी फट, आणि ती आवाजाच्या वेगानं उडणाऱ्या विमानावर. त्यामुळं कोरलेली म्हणजे बरोबर असं काही नाही. मॅचबॉक्सच्या काही किटवर रेषा इतक्या खोल आहेत की इंग्रजीत त्याला खंदक खोदणाऱ्याचं काम म्हणून चिडवतात, आपल्याकडं नांगरट म्हणायला हरकत नाही. त्याच्या उलट मोनोग्रामच्या १/४८ च्या किटवर वर आलेल्या रेषा आहेत, केसासारख्या, आणि त्यांची कॉकपिट आजच्या किटनाही लाजवतील अशी. १९७५ चं त्यांचं बी-१७ बॉम्बर अजून लोक आवडीनं बनवायलेत.

अडचण वेगळीच आहे. धड जोडलं की सांधा घासावा लागतो आणि घासला की वर आलेल्या रेषा तिथं पुसल्या जातात. मग एकतर पूर्ण विमानाच्या रेषा सुईनं पुन्हा कोरा, नाहीतर पुसल्या तेवढ्याच जागी ताणलेल्या स्प्रूचा बारीक धागा चिकटवा (फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ओढायचा). कोरताना पट्टी म्हणून वायरमनची काळी टेप तीन-चार थर एकावर एक लावून वापरा, कडक कडा मिळते.

रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांचं) मात्र मी माफ करत नाही. काही जुन्या एअरफिक्सवर आणि चेकोस्लोव्हाकियाच्या केपीच्या मिग, सुखोईंवर असे दाणे आहेत की खऱ्या विमानावर धरले तर एकेक वाटीएवढा होईल. पण तेही ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासलं की जातात. सुधारता येतं त्याला वाईट कसं म्हणू?

८. भागांच्या कडेला पातळ पापुद्रा आलाय, जाड जागी खड्डे पडलेत. खराब माल आहे का?

पापुद्रा म्हणजे फ्लॅश. साचा झिजला किंवा दोन भाग नीट दाबले गेले नाहीत की प्लास्टिक फटीतून बाहेर येतं, डोशाच्या कडेला येते तशी जाळी. ब्लेडनं काढता येतो, घाबरायचं कारण नाही. पण फ्लॅश बघून एक कळतं, साचा म्हातारा झालाय. त्याच किटची जुनी पहिली आवृत्ती मिळाली तर ती जास्त धारदार निघते, म्हणजे इथं जुनं ते खरंच सोनं.

खड्डा म्हणजे सिंक मार्क, जाड जागी प्लास्टिक आतून थंड होताना आखडतं आणि वरचा भाग आत ओढला जातो. सपाट जागी असला तर पुट्टी. गॅरेजवाल्याकडची एनसी पुट्टी चालते पण पातळ पातळ थर द्या, एकदम थापली तर तिच्यातला थिनर प्लास्टिक खातो आणि खड्डा भरायच्या ऐवजी वाढतो. मी एकदा पूर्ण पंख असा घालवलाय.

तपासायचं ते हे: कुठला भाग अर्धवट भरलाय का (बंदुकीची नळी, अँटेना, चाकाचे दांडे), आणि साच्याचे दोन भाग सरकलेत का. गोल नळीसारखा भाग बोटात फिरवा. मध्ये पायरी लागली तर साचा सरकलाय, आणि असं सगळ्याच भागांवर असलं तर ते किट सोडून द्या. गोल वस्तू परत गोल करणं लय अवघड.

९. डेकल पिवळे पडलेत, वापरता येतील का?

आधी ते टिकतात का बघा, पिवळं नंतर. शीटवर कोपऱ्यात एखादं नको असलेलं निशाण असतंच, ते कापून पाण्यात टाका. तुकडे झाले तर सगळ्या शीटवर क्लिअर लॅकरचा पातळ फवारा मारायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग प्रत्येक निशाण कडेकडेनं कापायचं, कारण आता सगळी शीट एकच झालेली असते.

पिवळेपणासाठी एक इलाज आहे आणि आपल्यासारखा तो कुणाला परवडत नाही: ऊन. डेकल झिप पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून, चित्राची बाजू बाहेर करून, टेपनं चिकटवा. मार्चात आठ-दहा दिवसांत पिवळा कागद पांढरा पडतो. लाल रंगावर लक्ष ठेवा, फिका पडायला लागला की काढा.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. बोअरच्या पाण्यात डेकल भिजवू नका. आपल्याकडचं बोअर म्हणजे क्षारच क्षार, बादलीला पांढरा थर बसतो तोच थर डेकलखाली बसतो आणि काळ्या-हिरव्या रंगावर पांढरे डाग उमटतात. मला वर्षभर वाटत होतं डेकलच खराब आहेत. फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर, बाटली वर्षभर पुरते. ज्या गावाला २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं तिथं पाणी बघून वापरायची सवय तशीही असतेच.

१०. काच (कॅनोपी) धुरकट झालीय.

वरवरचे चरे असतील तर २००० नंबरचा वॉटर पेपर आणि नंतर टूथपेस्ट, पांढरी, जेलवाली नाही. आतून पिवळी पडली असेल तर इलाज नाही, प्रश्न १८ बघा. जाडी पण बघा, काही जुन्या कॅनोपी चष्म्याच्या भिंगासारख्या जाड असतात, त्यातून आत काहीच दिसत नाही, म्हणजे कॉकपिटला मेहनत घ्यायची गरज नाही, हाही एक फायदाच. आणि काचेला फेविक्विक लावू नका, वाफेनं पांढरी होते.

११. चाळीस वर्षं माळ्यावर होतं, वर पत्रे आहेत. प्लास्टिक खराब झालं असेल का?

पॉलिस्टायरीन तसं मजबूत असतं. मे महिन्यात पत्र्याखाली कितीही तापलं तरी ते वितळत नाही, पण वर वजन असलं तर हळूहळू वाकतं, म्हणजे डब्यावर कुणी पुस्तकांचा गठ्ठा ठेवला असला तर पंख केळीसारखा झालेला मिळतो. सरळ करता येतो, चहापेक्षा जरा कमी गरम पाण्यात, उकळत्या नाही, धरायचा आणि हळूच उलट वाकवून तसाच थंड पाण्यात. एका दमात नाही, तीन-चार वेळा.

गाडीत मात्र किट ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होतं ते मला विचारा.

ठिसूळपणा तपासायला फ्रेमची एक काडी तोडून बघा. वाकून, पांढरी पडून तुटली तर ठीक. बिस्किटासारखी कट्ट करून तुटली तर बारीक भाग फ्रेमपासून कापताना फुटतील, तिथं कटरऐवजी बारीक करवत वापरा.

उन्हापेक्षा मला कसर आणि उंदराची जास्त भीती वाटते. कसर डेकलचा डिंक आणि डब्याचा कागद खाते, उंदीर सूचनापत्रक. जुन्या एअरफिक्सच्या पत्रकात प्रत्येक भागाचं नाव लिहिलेलं असतं, ते गेलं तर वाईट वाटतं.

१२. रबरी टायरवालं किट आहे, ते तर भारी ना?

नवीन असताना भारी. जुन्यात मी सगळ्यात आधी तेच तपासतो. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट रसायन काळानुसार बाहेर येतं आणि ज्या प्लास्टिकला टेकलंय ते खातं. टायर कॅनोपीला टेकून पडले असतील तर काचेवर गोल वितळलेला ठसा निघतो. डबा उघडलात की टायर वेगळ्या पिशवीत टाका, बनवणार नसलात तरी.

१३. मिग-२१ चं जुनं किट मिळालंय, आपल्या हवाईदलाचं बनवायचंय. चालेल का?

कुठलं मिग-२१? इथं आकाराच्या आधी अवतार बघावा लागतो. किट एकदम सुबक असून तुमच्या कामाचं नसू शकतं.

१९६३ ला चंदीगडला २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये जी पहिली आली ती एफ-१३. पुढं कॅनोपी एकसंध, समोर उघडणारी, नाकाचं तोंड लहान, शेपटी अरुंद. त्यानंतर एफएल, ज्यावर १९७१ चं युद्ध झालं, त्याची शेपटी रुंद, तोंड मोठं, कॅनोपी तशीच समोर उघडणारी, आणि आत तोफ नाही, पोटाखाली तोफेची जीपी-९ पेटी लावायचे. मग एम, मग बिस, ज्याची पाठ जाड आणि ज्याचं पुढं सुधारून बायसन झालं. नाशिकजवळ ओझरला एचएएलनं यातली शेकड्यानं बनवली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडलाच शेवटची निवृत्त झाली, तेव्हापासून या प्रश्नाला तर ऊतच आलाय.

एअरफिक्सच्या साठच्या दशकातल्या किटवर मिग-२१सी लिहिलंय. असा रशियन प्रकारच नाही, नाटोवाले एफ-१३ ला फिशबेड-सी म्हणायचे त्यावरून ते सी आलं. तर एफ-१३ समजून बनवा, १९७१ चं एफएल म्हणून बनवू नका. पाठीवरची कुबड, शेपटीची रुंदी आणि कॅनोपी या तीन जागा फोटोशी जुळवा, मग बाकीचं.

१४. आणि नॅट? एअरफिक्सचं जुनं नॅट आहे, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं सेबरमार बनवतो.

थांबा. ते १९६४ चं एअरफिक्सचं किट ब्रिटिशांच्या दोन सीटच्या ट्रेनरचं आहे, टी-१. आपलं लढाऊ नॅट एका सीटचं. कॉकपिट बुजवून एक सीट ठेवली की झालं असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं, आठवडा घातला त्याच्यात. ट्रेनरचं धड जवळपास एक मीटरनं लांब आणि पंख पण मोठे, ७.३ मीटर, आपल्याचे ६.७५. प्रश्न ५ सारखं भागा, १/७२ ला एक येतं १०१-१०२ मिमी आणि दुसरं ९४ च्या आसपास. एवढ्याशा विमानात आठ मिलिमीटर म्हणजे लय झालं.

किट म्हणून वाईट नाही, लहान आहे, साधं आहे, लाल रंग मारून ब्रिटिशांच्या रेड अ‍ॅरोज या हवाई कसरतींच्या पथकाचं बनवा, छान दिसतं.

१५. अर्धं जोडलेलं, रंग मारलेलं किट स्वस्तात मिळायलंय. घेऊ?

कशानं चिकटवलंय ते विचारा. फेविक्विकनं असलं तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सांधे बऱ्यापैकी सुटतात. प्लास्टिक सिमेंटनं असलं तर ते वितळून एकजीव झालेलं असतं, सुटणार नाही, फुटेल. जुना इनॅमल रंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून निघतो, हातमोजे घाला आणि आधी एका बिनकामाच्या भागावर करून बघा. काच त्यात टाकू नका. बोटांचे ठसे सिमेंटनं पृष्ठभागावर उमटलेले असतील तर ते खड्डेच समजा.

१६. सीलबंद पाकीट आहे, विकणारा म्हणतो दुर्मिळ. किती द्यावे?

बनवायचं असेल तर सील बंद असण्याचा तुम्हाला तोटाच आहे, कारण आतलं काही दिसत नाही. मला एकानं "अँटिक" म्हणून सीलबंद डबा दिला, भाव करू दिला नाही, घरी येऊन फोडला तर आत पंखाचा एकच भाग, दोनदा. कारखान्यातच चुकून दोन डावे गेले होते बहुतेक. त्या माणसाचा काय दोष, त्यालाही माहीत नव्हतं, पण पैसे काही परत आले नाहीत.

दुर्मिळ आणि चांगलं या दोन वेगळ्या गोष्टी. कितीतरी किट दुर्मिळ कामून आहेत, तर ती इतकी वाईट होती की कुणी घेतली नाहीत. जमवणाऱ्याला सील हवं, बनवणाऱ्याला आकार. तुम्ही कोण ते ठरवा आणि मग भाव करा. गंजगोलाईत भाजी घेताना करता तसाच, लाज बाळगू नका.

१७. बारावीनंतर मोकळा झालेल्या पोराला पहिलं किट म्हणून जुनं देऊ का? नवीन महाग आहे.

दोन वर्षं लातूर पॅटर्नमध्ये घासल्यावर पोराला परत घासायला लावू नका. रंगीत प्लास्टिकची मॅचबॉक्स मिळाली तर द्या, दोन-तीन रंगांत भाग येतात, न रंगवता पण विमानासारखं दिसतं, भाग कमी, जुळतात बरे. केपी, नोवो नको. नोवोत डेकल बरेचदा नावापुरते. पहिल्याच किटला फट बुजवण्यात महिना गेला तर पोरगं परत मोबाईलकडं जातं.

१८. सगळं चांगलं आहे पण कॅनोपीच हरवलीय. फेकून द्यायचं?

आकार चांगला असेल (प्रश्न ४) तर अजिबात नाही. लाकडाचा, सागवान नको, मऊ लाकडाचा तुकडा कॅनोपीच्या आकारात कोरायचा, काचेच्या जाडीएवढा किंचित लहान, एकदम गुळगुळीत घासायचा, कारण लाकडावरचा प्रत्येक चरा काचेत दिसतो. मग पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत तो पाचरीनं घट्ट अडकवायचा आणि हीट गननं लांबून फिरवत फिरवत शेक द्यायचा, बाटली आखडून लाकडाला चिकटते. गॅसवर करू नका, एका जागी भोक पडतं. थंड झाल्यावर ब्लेडनं कापून काढायची. पहिल्या दोन-तीन वाया जाणार हे धरून चाला, बाटल्यांना कुठं पैसे पडतात. फक्त बाटली साधी, सपाट अंगाची घ्या, रेघारेघांची नको, त्या रेघा शेक दिला तरी पूर्ण जात नाहीत.